हा चिखल कोणत्या नाल्याचा?

आमच्या दिग्रसच्या धावण्याच्या क्लबात धावणं कमी आणि किस्से जास्त. पावसानंतर काळ्या मातीच्या पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेतून, कधी चालून पाहा. पावलागणिक एक थर चढतो, आणि शंभर पावलांनंतर स्वतःचाच पाय स्वतःला उचलत नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. दर ऑक्टोबरात एकेक थर चढत गेला आणि आता हे सगळं एकट्यानं घेऊन हिंडवत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्यापुढे झटकावं.

आधी एक सांगून ठेवतो. आमच्या क्लबात कोणाचा कोणावर विश्वास नाही. भांडणं नाहीत हो! चहा एकाच किटलीतला, हसणं-खिदळणं सगळं आहे. पण "आज मी पूर्ण धावलो" असं कोणी म्हटलं, की बाकीचे आधी त्याच्या जोड्यांकडे बघतात. यात मी सगळ्यांच्या पुढे. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे दाखले बघून बघून समोर उभा असलेला माणूसही मला त्याच्या आधार कार्डावरच्या फोटोपेक्षा वेगळाच वाटतो.

क्लबाच्या ओट्यावर एक काळा बोर्ड आहे. दर नोव्हेंबरात पुसदला चिखलातली मोठी शर्यत असते. आर्णी, दिग्रस, पुसद, प्रत्येक क्लबातून एकच गडी. ऑक्टोबरातल्या रविवारच्या शर्यतींत जो पुढे राहील तो आमच्याकडून जातो. त्याचं नाव त्या बोर्डावर खडूनं लिहितात आणि पुसत नाहीत. मागची दोन वर्षं तिथे माझं नाव होतं. प्रमोद, आणि त्याच्याखाली पुन्हा प्रमोद. 'होतं' म्हणतोय, एवढं लक्षात ठेवा.

\*

क्लब काढला गुल्हाने काकांनी. काका कापसाच्या बाजारात तीस वर्षं ग्रेडर होते. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि आत किती ओल आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. वरून पांढराशुभ्र कापूस आणि मध्ये पाणी मारलेला, असे नमुने त्यांनी इतके पाहिले, की रिटायर झाल्यावरही त्यांचा हात स्वस्थ बसत नाही. किराणा दुकानात गेले की तुरीच्या डाळीत हात. लग्नाला गेले की अक्षतांमध्ये हात!

आमचा रस्ता दहा किलोमीटरचा. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकापासून, म्हणजे आमच्या ओट्यापासूनच, पांदण सुरू होते. अर्ध्यात एक मोठी बाभूळ लागते. पुढे नाला, नाल्यापलीकडे तांडा, आणि तांड्यातल्या हातपंपापासून डांबरी रस्त्यानं परत फाटक. आता गंमत अशी, की बाभळीपासून एक धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, सरळ डांबरी रस्त्याला जाऊन मिळतो. त्या धुऱ्यानं गेलं की नाला नाही, तांडा नाही, तीनेक किलोमीटर वाचले.

हे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून त्यांनी नियम केला. शर्यत संपल्यावर जोडे झटकायचे नाहीत. ओट्यावर रांगेत ठेवायचे. काका एकेका जोड्यावर बोट फिरवतात, चिखल चिमटीत चोळतात, वास घेतात आणि सांगतात, पास की नापास. पांदणीतली माती काळी आणि लोण्यासारखी. नाल्यातली राखाडी, बारीक वाळूची, बोटाला कचकच लागते. जोड्यावर राखाडी नसेल तर तुम्ही नाला पाहिलाच नाही!

पहिल्याच वर्षी वानखडे सर सापडले. सर गणित शिकवतात. त्यांच्या जोड्यांवर चिखल एवढा, की लेसही दिसत नव्हती. काकांनी चिमूट नाकाजवळ नेली.

"सर, हा चिखल नळाच्या पाण्यातला आहे."

"काहीही काय काका! कशावरून?"

"ब्लीचिंगचा वास येऊन राह्यला."

सरांनी कपाळावर हात मारला. "मी म्हटलंतं हिले, विहिरीचं पाणी घे म्हणून!"

\*

मग सरांनी विज्ञानाची मदत घेतली. मनगटावर घड्याळ आलं. किती किलोमीटर, किती वेग, सगळं मोबाइलवर दिसणारं. पुढच्या रविवारी सर ओट्यावर आले ते मोबाइल पुढे धरूनच. "घ्या! दहा पूर्णांक दोन किलोमीटर. आता चिखल हुंगायची गरज नाही."

काकांनी चष्मा लावला. खाली आणखी एक आकडा होता.

"सर, हे काय लिहिलं आहे? सर्वाधिक वेग, ताशी अडतीस."

सर म्हणाले, "तिथे जरा उतार होता."

आमच्या इरफानभाईंचं बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान आहे. ते शांतपणे म्हणाले, "सर, उतार पे तुमची स्कूटी बढिया पळते. मागचा टायर मात्र बदलून घ्या."

\*

खुद्द इरफानभाईंवरही आमचा संशय होताच. हा माणूस सुटतो सगळ्यांबरोबर, आणि पोचतो दोन तासांनी. जोड्यांवर काळा चिखल, राखाडी चिखल, सगळं जिथल्या तिथे. मग एवढा वेळ जातो कुठे? कोणी म्हणे झोपतात, कोणी म्हणे तांड्यात कोणाकडे तरी पोहे खातात. काकांनी एकदा जोडे सोडून त्यांचे हातच धरले आणि हुंगले.

"इरफान, हाताले सोल्युशनचा वास काहून?"

तेव्हा उलगडा झाला. पांदणीत बाभळीचे काटे. शेतावर निघालेल्या लोकांच्या गाड्या पंक्चर. आणि समोरून पंक्चरवाला पळत येतोय! कोण सोडेल? इरफानभाई आता कमरेला सामानाची पिशवी बांधूनच धावतात. मागच्या महिन्यात त्यांच्या मागे एक माणूस मोटरसायकल ढकलत ढकलत पळत होता. आम्हाला वाटलं, क्लबात नवीन मेंबर आला!

\*

शेतकऱ्यांचा आमच्यावरचा संशय तर वेगळाच. एका वर्षी काकांनी शनिवारी दुपारी सगळ्या रस्त्यानं खुंट्या ठोकल्या आणि त्यांना लाल रिबनी बांधल्या, कोणी चुकू नये म्हणून. रविवारी आम्ही रिबनी बघत बघत पळालो, आणि थेट डोक्याएवढ्या तुरीत घुसलो. तिथे वावराचा मालक काठी घेऊन उभाच होता.

"कोन्या खात्याचे तुमी?"

वानखडे सर म्हणाले, "आम्ही खात्याचे नाही. आम्ही धावून राह्यलो."

त्यानं आमच्या मागे नजर टाकली. "मागं कोन लागलं हाय?"

"कोणी नाही."

"मंग काहून धावता?"

आमच्या छातीवर नंबर लावलेले. त्याच्या मते आम्ही मोजणीवाले होतो आणि त्याच्या तुरीतून रोड काढायला आलो होतो. काकांनी त्याला कसंबसं समजावलं आणि मग शेजारच्या वावराच्या मालकाला गाठलं. खुंट्या तर त्याच्या धुऱ्याच्या कडेनं ठोकल्या होत्या, मग तुरीत कशा गेल्या?

त्या म्हाताऱ्यानं हात जोडले. "देवाशप्पत साहेब, म्या एकही उपटली नाई. फक्त सरकवल्या!"

पुढच्या रविवारी खुंट्या पुन्हा सरकल्या होत्या. या वेळी उलट्या बाजूला.

\*

आता माझ्या जोड्याचा किस्सा. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या दिवशी जोरदार पाऊस झालेला. बाभळीजवळ माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. पाय बाहेर आला, जोडा आला नाही. हात घालून शोधला, काठीनं शोधला. गेला तो गेलाच. मग मी एका जोड्यानिशी लंगडत लंगडत फाटकावर पोचलो, आणि काय सांगू, पहिला आलो! काकांनी माझा हात वर केला. "एक जोडा गेला तरी पहिला! याले म्हणतात जिद्द!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव बोर्डावर पहिल्यांदा लागलं ते त्या दिवशी.

कसा पहिला आलो, ते तेव्हा कोणी विचारलं नाही. तुम्हीही आत्ता विचारू नका.

आठवड्यानंतर एक शेतकरी दुकानात आला. म्हणाला, "बाभळीपाशी गाडीचं रुतलेलं चाक काढता काढता तुमचा जोडा सापडला. म्या बुजगावण्याच्या पायात घातला हाय. डुकरं लय भेतात." मी म्हटलं, राहू द्या, माझ्या काय कामाचा? तो मात्र जागचा हलेना.

"आणखी काय?" मी विचारलं.

"दुसरा कुठी हाय? दोनी पाय पाह्यजे ना. एका पायाच्या मानसावर डुकरायचाही भरोसा नाई!"

\*

यंदा क्लबात सविताताई राठोड आल्या. त्या तांड्यातल्या अंगणवाडीत शिकवतात. वय चाळिशीला आलेलं, अंगात पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे जोडे. यंदा पावसानं तीनच रविवार दिले. पहिल्या रविवारी काकांनी शिट्टी फुंकली आणि बाई तुरीत दिसेनाशी झाली. मी बऱ्यापैकी वेळेत फाटकावर पोचलो. पाहतो तर त्या ओट्यावर चहा पीत बसलेल्या! आणि जोडे? दुकानातून आत्ता काढल्यासारखे कोरे.

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी विचारलं, "सविता, चिखल कुठाय?"

"काका, चिखल लागला का मी जोडे काढतो अन् गळ्यात टाकतो. अनवाणीच पळतो. तांड्यात हातपंपावर पाय धुतले का मंग घालतो. जोडे पोरीचे हायेत. सोमवारी तिले शाळेत पीटीले लागतात."

"पाय दाखव."

पाय स्वच्छ होते.

"म्हणजे पुरावाच धुऊन टाकला!" काका म्हणाले. नापास.

दुसऱ्या रविवारीही त्या पहिल्या. या वेळी पाय न धुताच आल्या होत्या. जोडे गळ्यात, आणि पाय घोट्यापर्यंत राखाडी. काकांनी चिमूट चोळली. कचकच लागली. आम्हाला वाटलं, झालं, पास. पण तीस वर्षांचा ग्रेडर तो!

"माती नाल्याचीच आहे. पण तुझं घरच नाल्यापलीकडे. सकाळी इकडे येतानाच लागली नसंल, कशावरून?"

पुन्हा नापास. मी सगळ्यांत जोरात मान डोलावली.

सविताताईंचा आवाज चढला. "चिखल नसला तरी नापास, असला तरी नापास. मंग मी करू काय? मले पुसदले जायचं हाय काका. माहेर तिथूनच जवळ हाय माझं. शाळेत होती तवा बानं शर्यतीतून माझं नाव काढलतं. म्हणे, पोरीच्या जातीनं कायले पळायचं? आता तोच बा फोन करून सांगून राह्यला, तू पळशीन तर मी पाहाले येतो. लबाडी करून त्याच्यापुढं जाईन का मी?"

इरफानभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मलाही क्षणभर कसंतरी झालं, नाही असं नाही. पण क्षणभरच. बोर्डावर दोनदा लागलेलं नाव माणसाला फार गोड वाटतं हो!

शेवटी काकांनी निवाडा केला. तिसऱ्या रविवारी एकानं सविताच्या मागे मागे पळायचं. नजर हटवायची नाही. ती पूर्ण रस्ता धावली असं त्यानं सांगितलं, की तिचे आधीचे दोन्ही रविवार पास आणि पुसदची जागा तिची. नाही तर जागा माझी. आता तिच्या मागे टिकेल असा कोण? सगळ्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी आनंदानं हो म्हटलं. ही बाई नक्की कुठून जाते, ते मला पाहायचंच होतं.

\*

तिसरा रविवार. शिट्टी झाली. फाटकापासून शंभर पावलांवर चिखल सुरू होतो. तिथे सविताताईंनी खरंच जोडे काढले, लेसांची गाठ मारली, गळ्यात टाकले. मनात म्हटलं, मी मागे आहे म्हणून हे नाटक चाललंय. बाभूळ येऊ दे, मग बघतो धुऱ्याकडे कशी वळते!

बाभूळ आली. त्या धुऱ्याकडे वळल्या नाहीत. सरळ गेल्या.

आणि मी बाभळीखाली थांबलो. कारण पुढे पांदणीला दोन फाटे होते, आणि त्यातला कुठला नाल्याला जातो, ते मला माहीत नव्हतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? जोडा गेला त्या दिवशी मी बाभळीपासून धुऱ्यानं डांबरी रस्त्याला लागलो होतो, रिक्षा बघून घरी जाण्यासाठी. रिक्षा मिळाली नाही, म्हणून पायीच फाटकापर्यंत आलो. तर तिथे टाळ्या! खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर काकांनी माझा हात वर केला होता. बाभळीच्या पुढे मी त्याआधीही कधी गेलो नव्हतो, आणि त्यानंतरही गेलोच नाही. डांबरी रस्त्यावर पुलाखालून तोच नाला वाहतो. राखाडी चिखल तिथला लावायचा. फार लवकर पोचलो तर संशय येईल म्हणून बाभळीखाली बसून वेळ काढायचा. एवढं करूनही दोन्ही रविवारी ही बाई माझ्या आधी चहा पीत बसलेली! आता सांगा, मला संशय येणार नाही तर काय?

तूर डोक्याएवढी. सविताताई कुठेच दिसेनात. शेवटी मी ओरडलो, "सविताताई! इकडून की तिकडून?"

थोड्या वेळानं तुरीतून आवाज आला, "डावीकडून भाऊ!"

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. शेवटी त्या थांबूनच राहिल्या. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी चिखलातून एक एक पाय उपटत पोचलो.

"भाऊ, तुमी तर दोन वर्षं पुसदले गेलते ना?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या वळून पुढे निघाल्या. नाल्यात त्यांनी मला सांगितलं, दगडावर पाय देऊ नका, शेवाळ आहे. मी दगडावरच पाय दिला आणि आडवा झालो. त्यांनी हात देऊन उठवलं.

"थांबू नका माझ्यासाठी," मी म्हटलं.

"थांबा लागतेच ना भाऊ. साक्षीदारच हरवला तर मले पास कोण करंन?"

तांड्यात हातपंपावर एक म्हातारी पाणी भरत होती. तिनं स्वतःच हापसून सविताताईंच्या पायावर पाणी सोडलं. हे रोजचंच असावं. मग म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाकापासून घोट्यापर्यंत राखाडी चिखल, आणि धाप लागलेली.

"हा कोन वं? चोर हाय का?"

"नाई आजी," सविताताई म्हणाल्या, "माझ्यावर पाळत ठेवून राह्यला."

तिथे मला लाज वाटली. अगदी खरी लाज. त्यांनी पाय पुसले, पोरीचे पांढरे जोडे घातले, आणि मी ठरवलं की आज जे पाहिलं तेच सांगायचं. जागा गेली तर गेली. माझं स्वतःचं काय ते मात्र कोणी विचारलं नाही तर कशाला सांगा?

आम्ही पोचलो तेव्हा इरफानभाईसुद्धा आधी येऊन बसले होते! काका फाटकातच उभे होते.

"बोल प्रमोद. काय पाह्यलं?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं. "काका, ही पूर्ण रस्ता धावली. अनवाणी. नाला, तांडा, हातपंप, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पास करा हिला. पुसदला हीच जाईल."

मला वाटलं होतं, काका माझी पाठ थोपटतील. पण त्यांचे डोळे बारीक झाले. त्यांनी माझ्या जोड्यावरची चिमूट घेतली. कचकच. शर्टवरचीही घेतली. ती दोन बोटांत धरून त्यांनी सगळ्यांना दाखवली.

"आपली जागा जाऊन राह्यली अन् हा तिच्याच बाजूनं बोलून राह्यला. कायले? अन् दोघांले यायले एवढा उशीर काहून?" ते सविताताईंकडे वळले. "सविता, तू खरं सांग. हा खरंच शेवटपर्यंत तुह्या मागं होता?"

सविताताईंनी ओट्यावर बसून जोडे काढले. पिशवीत घातले. बोर्डावरचं माझं नाव वाचलं, वरचं आणि खालचंही.

"होते ना काका," त्या म्हणाल्या. "बाभळीपासून हातपंपापर्यंत, हरेक वळणावर मले रस्ता विचारून राह्यलते!"